धडधडीची गोळी

वाफेच्या औषधाचा दुसरा डोस संपला तरी ऋचाचा दम बसेना. तोंडावर मास्क होता, खांदे कानांपर्यंत चढले होते आणि गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. शर्मिला मुलीचा हात धरून दवाखान्यातल्या पलंगापाशी उभी होती. दम्याला ती नवखी नव्हती. लहानपणी ऋचाला असे झटके आले, की पंपाचे दोन फवारे मारायचे, आणि थोड्या वेळात पोरगी खेळायला पळायची. आज पंपाने काहीच केलं नाही. गाडीत तो रिकामा आहे की काय म्हणून तिने हलवून पाहिला होता. तो भरलेला होता.

आत्ता संध्याकाळी हीच पोरगी मंचावर उभी होती. मराठी भाषा दिनाची, इथल्या मराठी मंडळाची वक्तृत्व स्पर्धा. स्पर्धा कसली, बोलणारी पोरं मूठभर आणि चुका काढणारे काका-काकू सभागृहभर. जबलपुरात जन्मलेल्या ऋचाला मराठी सगळी कळायची, पण बोलताना मध्येच हिंदी शब्द यायचा आणि पहिल्या रांगेत खसखस पिकायची. गेल्या वर्षी ती अर्ध्यातच रडत खाली उतरली होती. शर्मिलाचा नवरा आलोक मंडळाचा कार्यवाह. त्याला ते फार लागलं होतं. यंदा मात्र ऋचा सलग बोलली. हात कापले नाहीत, आवाज कापला नाही. आलोक भेटेल त्याला सांगत सुटला, माझी पोरगी जराही घाबरली नाही म्हणून.

का घाबरली नाही, ते फक्त शर्मिलाला ठाऊक होतं. मंचामागे ऋचाचे हात लटलट कापत होते, काळीज धडधडत होतं, तेव्हा तिनेच पर्समधून आपली गोळी काढून दिली होती. अर्धशिशी उठू नये म्हणून ती ही गोळी रोज घ्यायची, आणि त्या गोळीने छातीची धडधडही बसते हा तिचा अनुभव होता. आलोकला ऊठसूट गोळ्या घेतलेल्या खपत नसत. म्हणून तिने ऋचाला बजावलं होतं, बाबांना सांगू नको, कोणालाच सांगू नको.

डोक्याच्या गोळीचा छातीशी काय संबंध, असं ती गाडीत बसल्यापासून मनाला समजावत होती. पण ही गोळी लिहून देताना डॉक्टरांनी तिला एक प्रश्न विचारला होता, तो आता काही केल्या डोक्यातून जाईना. तुम्हाला दमा तर नाही ना? ती नाही म्हणाली होती. खरंच तिला नव्हता. डॉक्टर असं का विचारतात, हे तिने विचारलं नव्हतं.

ड्यूटीवरचे डॉक्टर पियूष ऋचाच्या नाडीवर बोटं ठेवून भिंतीवरच्या मॉनिटरकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. वाफेचं इतकं औषध दिल्यावर नाडी पळायला हवी होती, ती तर आरामात चालली आहे, असं ते नर्सला म्हणाले. मग आलोककडे वळले.

"इसने कोई दवा ली है आज? कोई भी?"

"नहीं जी, कुछ नहीं," आलोक म्हणाला. "बच्ची शुरू से हिम्मतवाली है."

डॉक्टरांनी तोच प्रश्न ऋचाला विचारला. ऋचाने आधी आईकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

दारात मंडळाची चार माणसं उभी होती. नर्सने वाफेचं औषध तिसऱ्यांदा भरलं. ऋचाचे ओठ निळसर दिसू लागले. आलोक शर्मिलाच्या कानाशी येऊन कुजबुजला, "काहून अशी गप उभी आहेस? काही आठवून राहिलं का?"

डॉक्टर पुन्हा वाकले. "बेटा, सच बताओ. कुछ खाया था?"

ऋचाने पुन्हा आईकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली. तिला एक शब्द बोलायचीही ताकद उरली नव्हती, पण आईने सांगितलेलं ती पाळत होती.

"मैंने दी थी," शर्मिला म्हणाली. "मेरी गोली. माइग्रेनवाली."

पर्समधली पट्टी तिने पुढे केली. डॉक्टरांनी नाव वाचलं, आणि ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ये धड़कन को बांधती है, और दमेवाले की सांस की नली भी," ते म्हणाले. "हम जो भाप दे रहे हैं, उसका रास्ता इसी ने रोक रखा है. कब दी थी?"

तिने सांगितलं. डॉक्टरांनी नर्सला दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं, भुलीच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवायला लावलं आणि श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करा म्हणाले. दारातली माणसं मागे सरली.

नर्सने पडदा ओढायला घेतला. ऋचा बाबांकडे बघत होती, आणि श्वास पुरत नसतानाही तिची मान अजून नाही, नाही म्हणत हलत होती.