पतंगाचं माप

माझा लेक आदिनाथ आठ दिवसांपासून मोबाइलवर पतंग निवडून राहिलाय. समुद्रात फळीवर उभं राहायचं अन् पतंगानं ओढून न्यायचं, असला तो खेळ. नात मनस्विनी दोन वर्षं लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती. तिसऱ्या वर्षाला पाठवायच्या आधी तिला गोव्यात खूश करायचं म्हणे. पतंग नऊ मीटरचा का बाराचा, पट्टा कसला, हेल्मेट कसलं! गावच्या तळ्यात कधी पाय बुडवला न्हाई, पण रुबाब असा, जनू समुद्र ह्याच्या सातबाऱ्यावर हाय.

काल गोव्याच्या दुकानदारानं फोनवर विचारलं, "पोरीचं वजन किती? त्यावर पतंग ठरतो."

"पंचावन्न," आदिनाथनं क्लासला घातलं तेव्हाचं वजन ठोकून दिलं.

पोरगी मान खाली घालून बसली. मी तिला हाताला धरून सोयाबीनच्या काट्यावर उभी केली. शाळा शिकले न्हाई, पण काट्यावरचा आकडा मला वाचता येतो. अडतीस.



"फोन ठेव, आदिनाथा. हिला पतंग कशाला, नुसतं वारंच उचलून नेईल. अन् लातूरला तर आता मीच जाऊ देत न्हाई."