सहावा उपवास

दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. टीना वाकून आत आली आणि थबकली. साखरेची पोती तोलायच्या काट्यावर जागृती अनवाणी उभी होती. ओढणी, घड्याळ, हातातलं कडं, सगळं काढून तिनं शेजारच्या पोत्यावर ठेवलं होतं.

"किती?" टीनाच्या तोंडून निघून गेलं.

जागृती वळून हसली. ओठ सुकून पांढरे पडले होते. "साडेचार किलो कमी झालंय, मम्मी!"

टीनाला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं हे पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं आणि तिनं काट्यावरची नजर काढून घेतली.

पर्युषणात अठाई करते, असं दहावीतली ही पोर म्हणाली, तेव्हा तिच्या आजोबांचे, शांतीलालजींचे, डोळे भरून आले होते. आठ दिवस अन्न नाही, फक्त दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उकळलेलं पाणी. त्यांनी नारायणगावच्या बाजारात दुकानादुकानांत जाऊन सांगितलं. टीनाला वाटलं होतं, बरंच झालं, तेवढीच उतरेल. ती तसं बोलली नव्हती. पण वर्षभर जागृतीच्या ताटाकडं बघून ती एकच शब्द बोलत आली होती, "पुरे." मग पोरगी अर्ध्या जेवणावरून उठायची आणि जिना उतरून दुकानात जायची. तिथं दारापासून छतापर्यंत वेफर्सच्या माळा लटकलेल्या. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. क्लासला जाताना जीपवाला तिला हसत म्हणायचा, "ताई, दोन सीटचे द्या." तेही माहीत होतं.

जागृती काट्यावरून उतरली आणि डोळे मिटून पोत्याला धरून उभी राहिली.

"चक्कर येतीये?"

"नाही गं. चल, स्थानकात प्रार्थनेला उशीर होतोय."

"आधी पाणी पी. दिवस उगवलाय."

"नको."

"का नको? कालचा तांब्या पण तसाच भरलेला होता."

"पाण्याचं पण वजन असतं, मम्मी," जागृती म्हणाली. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं.

जैन स्थानकाच्या दालनात बायकांनी तिला वाट करून दिली. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी हात जोडले. तिची आजी, भंवरीबाई, पुढं बसली होती. शेजारणीला ती म्हणाली, "लई धीराची आहे आमची पोर. एवढ्या दिवसांत एकदा कुरकुर नाही."

पाटावर बसलेल्या साध्वींनी, महासतीजींनी, वर पाहिलं. त्या दिवसाच्या उपवासाचा नियम, म्हणजे पचखाण, रोज सकाळी त्यांच्याकडूनच घ्यायचा असे. "आज सहावा ना, बेटा? शक्ती आहे?"

"आहे," जागृती म्हणाली आणि उभी राहिली. तिनं हात जोडले.

टीना मागं भिंतीला टेकून बसली होती. सासऱ्यांनी पारण्याच्या मिरवणुकीसाठी बँड सांगितला होता. मंचरहून नणंद यायची होती. आज धरून तीनच दिवस उरलेत, तिनं स्वतःला सांगितलं. पाणी आपण पाजू, समोर बसून पाजू. तीन दिवसांत आणखी एखादा किलो जाईल.

तो किलो मनात आला आणि ती ताडकन उठली.

"महासतीजी, देऊ नका पचखाण."

सगळ्या माना वळल्या.

"ती पाणीपण पीत नाहीये. आणि हा उपवास धर्मासाठी नाही. वजन कमी करायला चाललाय."

"टीना!" भंवरीबाई ओरडली. "चार माणसांत पोरीची अब्रू काढतेस?"

"तिनं हे माझ्यामुळं केलंय," टीना म्हणाली. "तिचा घास मीच मोजत आले."

जागृतीनं आईकडं पाहिलं. भर बाजारात कुणी अंगावरचा कपडा ओढावा, तशी नजर होती ती. मग ती खालीच बसली. बायकांनी पदरानं वारा घातला, पाण्याचं भांडं ओठाला लावलं. या वेळी ती प्याली.

महासतीजींनी बायकांना बाजूला व्हायला सांगितलं. "भूक लागलीय, बेटा?"

जागृतीनं तोंड पुसलं.

"रोजच लागते," ती म्हणाली. "उपवास नसतो तेव्हापण. जेवून उठले तरी."

"मग आज पारणं कर. तपाला घाई नसते."

तिघी घरी आल्या. शांतीलालजींनी बँडवाल्याला फोन केला, नको म्हणून सांगितलं आणि गल्ल्यावर जाऊन बसले. भंवरीबाईनं मुगाचं पाणी उकळून गाळलं, वाटी सुनेच्या हातात आदळल्यासारखी दिली आणि पदरानं डोळे पुसत आत निघून गेली.

जागृती पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. टीनानं वाटी तिच्यापुढं ठेवली. वाफ विरून गेली तरी पोरीनं हात लावला नाही.

"घे ना, बेटा. हवं तेवढं घे. अजून आहे."

"मम्मी."

"काय गं?"

"तू तिकडं बघ. मग घेते."

टीनानं तोंड फिरवलं. खिडकीखालून टोमॅटोच्या क्रेटनं भरलेली एक पिकअप मार्केटकडं वळत होती. ती दिसेनाशी झाली, मागून दुसरी आली, तीही गेली. पाठीमागं काहीच आवाज नव्हता.

मग चमचा वाटीला लागला.

टीनानं मान वळवली नाही.