माडीवरची अमेरिका

"आई, माडीवरची खोली जुन्या अमेरिकन घरासारखी सजव, पण उगाच खर्च करू नकोस. क्लेअरला तिथं करमलं नाही, तर आम्ही फ्लॅट बघू," लेकानं फोनवर बजावलं होतं. तेव्हापासून कुमुदताईंच्या जिवाला चैन नव्हतं. सुनेनं घरातच राहावं, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं. त्यात चातुर्मासात नवी वस्तू घ्यायची नाही, हा त्यांचा नेम.

मग सुताराकडून जुन्या खुर्चीच्या पायांना वाकड्या पट्ट्या ठोकून घेतल्या. खुर्ची छान झुलू लागली. लोणच्याच्या बरणीत शेवंती सजली. पलंगावरची गोधडी मात्र लाजेनं कपाटात कोंबून त्यांनी शेजारणीची पांढरी चादर अंथरली.

"आता मला काउबॉयची टोपी तेवढी आण," यजमान खुर्चीत झुलत म्हणाले.

"अहो, उठा आधी! रिक्षा आली."

क्लेअर खुर्ची पाहून हसली. बॅग ठेवायला तिनं कपाट उघडलं, तशी गोधडी तिच्या पायांवर पडली.

"अगं बाई! राहू दे गं, जुनेर आहे ते," कुमुदताई पुटपुटल्या.

क्लेअरनं गोधडी गालाला लावली. "माझी आजी सेम असं करायची! जुना कपडा, सुई, दोरा." ती नवऱ्याकडे वळली, "फ्लॅट नको." मग हळूच म्हणाली, "आई, मला एक?"

"शिवीन हं, बाळा."

दुपारी जप आटोपला. सगळे झोपले होते. कुमुदताईंनी ट्रंकेतून लेकाच्या बारशाला नेसलेली मऊ साडी काढली, जमिनीवर पसरली आणि सुईत दोरा ओवला.