वाटेतली गाडी

एका म्हाताऱ्याची पांढरी काठी गाडीच्या दारावर आपटली आणि तिलेकनं वळून पाहिलं.

फुटपाथवर गाडी त्यानंच चढवली होती. एका बाजूला पावाच्या दुकानाची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडेचा पाण्याचा पाट, मधे ही गाडी. बिश्केकमध्ये कोण नाही लावत अशी? त्याची बायको बुरुल दुकानात गेली होती. दोन मिनिटांचं तर काम. तो बाजूला सिगरेट ओढत उभा होता.

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. त्यानं दार चाचपलं, काच चाचपली, मग गाडीच्या कडेनं सरकत एक पाऊल टाकलं. ते बर्फावरून घसरलं आणि थेट पाटाच्या गार पाण्यात गेलं.

"आजोबा, थांबा!" तिलेक धावला. काखेत हात घालून त्यानं म्हाताऱ्याला वर ओढलं, भोंगे मारणाऱ्या गाड्या चुकवत रस्त्यावरून वळसा घातला आणि पुढे पुन्हा फुटपाथवर आणलं. म्हाताऱ्याच्या बुटातून पाणी निथळत होतं.

"कुठल्या गाढवाची गाडी रे ती?"

'माझी' एवढंच म्हणायचं होतं. तिलेकच्या तोंडून भलतंच निघालं.

"लोकांना लाजच राहिली नाही, आजोबा."

"तू तरी माणूस निघालास." म्हाताऱ्यानं काठी काखेत धरली आणि तळवे उघडले. "लेकरा, तुझी वाट शुभ्र असू दे. तुझ्या म्हातारपणी तुझाही हात कुणीतरी धरू दे. ओमीन."

कुणी आशीर्वाद दिला की ओंजळ पसरायची, ही लहानपणापासूनची सवय. तिलेकनं पसरली. तळवे तोंडावरून फिरवले तेव्हा एवढ्या थंडीत त्याचा चेहरा भाजत होता.

"तिलेक!" मागून बुरुल ओरडली. "तिकडे काय करतोयस? गाडी उघड की! हात गोठले माझे!"

म्हाताऱ्यानं तिलेकची बाही धरली आणि मान तिरकी केली. "कुणाला हाक मारतेय ती?"

रस्त्यावरून एक बस गेली. तिलेकनं बुरुलला हातानंच थांबायची खूण केली.

"मला," तो म्हणाला. "गाडी माझीच आहे, आजोबा."

म्हाताऱ्यानं त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला. काठीनं पुढची वाट चाचपली.

"दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही," तो म्हणाला. "नाहीतर घेतला असता."