रिकामा कंस

"यापुढे आपल्या कामात चूक काढायची तर ब्रह्मदेवालाच खाली उतरावं लागेल," साहेबांनी जाहीर केलं आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. ब्रह्मदेवाला तसदी पडली नाही. चाचण्या घेणारा प्रोग्रॅम जागच्या जागी आडवा झाला.

सगळ्यांनी घोरपडीकडे पाहिलं. चुकीला एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून ऑफिसात तिला हे नाव पडलं होतं. कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम बनवायची. त्यांच्या चाचण्या तिच्याकडे. नवी आवृत्ती आजच द्यायची होती आणि गिऱ्हाईक खाली चहा घेत बसलं होतं.

"एका चाचणीच्या डोक्यावर 'वगळा' अशी खूण आहे," ती म्हणाली. "पुढे कंसात कारण लिहायचं असतं. इथे कंस आहे, कारण नाही. तिथेच अडलं."

"रिकामा कंस म्हणजे काहीच नाही. दुर्लक्ष कर, पुढे चल."

"कंसच नसता तर लिहिणारा विसरला म्हटलं असतं, साहेब. इथे कोणीतरी कारण लिहायला बसलं आणि उठून गेलं."

"मग तूही ऊठ. गिऱ्हाईक वाट बघतंय."

तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. मागे साहेब घड्याळ, मोबाइल आणि टाय आळीपाळीने चाचपत राहिले. तिने चाचण्या घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चारच ओळी लिहिल्या. कंस रिकामा दिसला तर कोसळायचं नाही, गप्पही बसायचं नाही. खूण करणाऱ्याचं नाव सांगायचं आणि चाचणी घ्यायचीच. कारण नाही तर सुटका नाही.

पडद्यावर चाचणी उमटली : दार उघडं असताना लिफ्ट हलू नये. खाली खूण करणाऱ्याचं नाव. साहेबांचं.

"त्या दिवशी जरा घाई होती," साहेब म्हणाले.

"तेवढं तरी कंसात लिहायचं."

मग निकाल आला. लाल अक्षरांत. लिफ्ट हलली होती.

"आज आवृत्ती देता येणार नाही. मी खाली जाऊन सांगते," ती उठली.

"नको. मीच सांगतो." साहेबांनी बॅग उचलली आणि तिच्यासोबत बाहेर आले. समोर इमारतीची लिफ्ट दार उघडून उभी होती. कंपनीचाच प्रोग्रॅम, आल्यागेल्याला साहेब कौतुकाने दाखवायचे. साहेबांनी एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं आणि जिन्याकडे वळले. मजला नववा होता.

"मॅडम," आजवर तिला कधी अहो-जाहो न केलेले साहेब कठड्याला धरून म्हणाले, "जरा ही बॅग घेता का?"