सात टोकांची चांदणी

"ही चांदणी माझी आहे," उंबऱ्याबाहेरूनच सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही चोरलीत."

सकीनाने त्यांना आत या म्हटलं नाही. रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीपर्यंत भर उन्हात आलेल्या बाईला तिने पाणीही विचारलं नाही. चौकटीला हात लावून ती वाट अडवल्यासारखी उभी राहिली.

"तोंड सांभाळा, बाई. मी कुणाचं कायपण चोरत नाय."

सरोजिनीबाईंनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. बायकांच्या ग्रुपवर सकीनानेच टाकलेला फोटो होता. पांढऱ्या दोऱ्याची, क्रोशाने विणलेली, नाताळच्या झाडाला टांगायची चांदणी. टोकं सात, मधोमध लाल मणी. मग त्यांनी पर्समधून आपली चांदणी काढून शेजारी धरली. दोन्हींत केसाचाही फरक नव्हता.

"सगळीकडे पाच टोकांची मिळते. सातची फक्त माझ्या घरात होते."

"आणि माझ्या घरात काय आभाळातून पडते? नमुना माझा हाय. बघून तुम्हीच उचललात."

फाटकापाशी स्कूटर धरून उभे असलेले त्यांचे यजमान माधवराव घसा खाकरून म्हणाले, "सरोज, चल. जाऊ दे."

"तुम्ही मध्ये पडू नका!"

आवाज ऐकून सकीनाचा नवरा मन्सूर बाहेर आला. बरीच वर्षं आखातात काढून तो आता कायमचा घरी होता. "या ना गुरुजी," तो बोलून गेला. रोह्यात निवृत्त मास्तरांना सगळेच गुरुजी म्हणत. पण बायकोने मान वळवून बघितलं, तसा तो मुकाट आत गेला.

त्या दिवसापासून दोघींनी मागेपुढे पाहिलं नाही. सरोजिनीबाईंनी ग्रुपवर दोन्ही चांदण्यांचे फोटो शेजारी शेजारी टाकले आणि खाली लिहिलं, 'चोर ओळखा.' सकीनाने अष्टमीच्या दुकानादुकानांत सांगितलं, की मास्तरणीला साधी गाठ मारता येत नाय. ते ऐकल्यावर सरोजिनीबाईंनी पेणला मनस्वीला फोन केला. नाताळच्या वस्तूंचं प्रदर्शन तीच भरवत होती. अलिबागच्या एका मोठ्या रिसॉर्टचं झाड सजवायचं काम तिथून एकीलाच मिळणार होतं.

"चोरीचा माल ठेवणार असाल, तर मी येणार नाही," सरोजिनीबाईंनी बजावलं.

थोड्या वेळाने सकीनाचाही तसाच फोन गेला.

माधवरावांनी संध्याकाळी पुलापलीकडे फिरायला जाणं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "लोक नको ते विचारतात."

"मग ठणकावून सांगा ना! बायकोची बेअब्रू होतेय, आणि तुम्ही तोंड लपवून बसता?"

ते जेवण अर्धवट टाकून उठले.

पेणच्या हॉलमध्ये दोघींना समोरासमोर टेबलं मिळाली. घंटा, बर्फाची फुलं, छोटे मोजे आणि खळ देऊन ताठ केलेल्या चांदण्या. इकडेही त्याच, तिकडेही त्याच. रिसॉर्टची माणसं आली, एका टेबलापाशी थांबली, दुसऱ्यापाशी थांबली आणि गोंधळून हसली.

"हसताय काय? माझी नक्कल आहे ती," सरोजिनीबाई मोठ्याने म्हणाल्या.

"नक्कल तुमची! आख्ख्या रोह्याला म्हायती हाय."

सकीनाने पुढे होऊन त्यांच्या टेबलावरची चांदणी उचलली आणि टराटरा उसवली. सरोजिनीबाईंनी तिचा हात धरून पिरगाळला. बघायला गर्दी जमली. "सण तिसऱ्यांचा, आणि भांडतायत ह्या दोघी," कुणीतरी कुजबुजलं.

मनस्वीने दोघींना ओढून बाजूला केलं. हॉलच्या मधोमध दोन खुर्च्या मांडल्या, दोन सुया आणि दोऱ्याच्या दोन गुंड्या आणवल्या.

"बास झालं. दोघींनी इथे, सगळ्यांसमोर विणायचं. जिचा हात चालेल, तिचा नमुना आणि तिचंच काम. दुसरीने टेबल उचलायचं."

"असल्या परीक्षा मी देत नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "जन्मभर मी परीक्षा घेतल्यात."

"भ्याल्या बघा!"

"कोण भ्यालं? आण ती सुई."

त्या खुर्चीत बसल्या. मग सकीनालाही बसावं लागलं.

हॉल शांत झाला. सरोजिनीबाईंनी दोरा बोटाला गुंडाळला, बघितलं, पुन्हा सोडवला. सकीनाने सुई या हातातून त्या हातात घेतली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"करा सुरू," मनस्वी म्हणाली.

कुणीच हललं नाही.

"आधी तू," सरोजिनीबाई दातओठ खाऊन म्हणाल्या.

"नाय. आधी तू."

रिसॉर्टची माणसं एकमेकांकडे बघू लागली. दोघींनी माना खाली घातल्या.

शेवटच्या रांगेत माधवराव आणि मन्सूर बसले होते. माधवरावांना राहवलं नाही. ते मन्सूरकडे वळले. त्यांचा आवाज रागाने चढला होता, आणि त्या शांततेत तो अख्ख्या हॉलला ऐकू गेला.

"मन्सूर, पाचची तू विणायचीस आणि सातची मी, असं ठरलं होतं ना रे आपलं?"