भिशीतली लबाडी

“कोणाला द्यायचं हे तुम्ही आधीच ठरवलंय. सोडत रद्द,” फोन पुन्हा म्हणाला.

अनसूया वैतागली. “ठरवलं तर ठरवलं, मेल्या! पैसे आमचे, तुझं काय जातंय?”

आवाजावरून मनातलं ओळखणाऱ्या या फोनवर वस्तीतल्या बायकांची भिशी तिनंच हट्टानं आणली होती, लबाडी नको म्हणून. आता विमलच्या घरावरचे पत्रे उडाले होते आणि फोन हटून बसला होता.

“चिठ्ठ्या होत्या तेव्हा बरं अडलेल्या बाईचंच नाव निघायचं!” ती करवादली.

“निघायचं कसलं?” म्हातारी ठकूबाई म्हणाली. “सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहायचो.”

“कधी?”

“तुझ्या बाळंतपणात.”

अनसूयानं फोन बंद केला. “बघत काय बसलात? विमल यायच्या आत कागद आणा!”